यंत्रातले ठिपके

भाचा दिवाळीत पाथरीला आला तो हातातला जीपीएस घेऊनच. जिओकॅशिंगचं वेड! २ मे २००० ला अमेरिकेने उपग्रहांच्या संकेतांतली मुद्दाम ठेवलेली चूक काढली, आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनात पहिला डबा लपवला गेला. तेव्हापासूनचा हा खेळ.

पण यंत्रात एकही ठिकाण दिसेना. स्वारी हिरमुसली. कॉम्प्युटरला जोडून बघितलं, तर फाईल होती, पण झिपच! ती उघडून आतली जीपीएक्स फाईल 'जीपीएक्स' फोल्डरात टाकली, यंत्र बंद-चालू केलं. ठिपके हजर, पण सगळे पुण्याकडचे. (फाईलच तिकडची!)

पुढच्या महिन्यात आमचा वाडा विकला जातोय. अंगणात उभं राहून त्याने तिथलीच खूण साठवली.

"मामा, नाव काय देऊ?"

"आजोळ लिही," म्हटलं.