जिवाणी आणि जिवाणू



दशलक्षण पर्वात नातीचा कोल्हापूरहून फोन आला. ती बी.एस्सी.ला मायक्रोबायॉलॉजी शिकते. म्हणाली, "आज्जी, आज प्रॅक्टिकलच्या सगळ्या बशा वाफेच्या भांड्यात घालून निर्जंतुक केल्या. कोट्यवधी जीव गेले असतील. मला पाप लागलं काय गं?"

मला उत्तर सुचेना. पाणी गाळून जिवाणी परत विहिरीत सोडणाऱ्या सासूबाईंच्या हाताखाली मी संसार शिकले. पण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा जिवाणू आपल्या गाळण्यातून सहज निसटतो, हेही खरं. म्हटलं, "रविवारी ये. त्या जिवांचं तुम्ही करता काय, ते आधी सांग."

रविवारी ती हुपरीला आली. मी पहिल्यांदा विचारलं, त्यांना वाढवता कशावर? म्हणाली, आगरवर. म्हणजे आपलं चायना ग्रास, समुद्री शेवाळापासून केलेलं. पूर्वी जिलेटिन वापरत, ते प्राण्यांच्या हाडाकातड्याचं. ते उष्णतेनं पातळ व्हायचं आणि काही जिवाणू तर तेच खाऊन टाकायचे. १८८१ मध्ये जर्मनीत फॅनी हेसे या गृहिणीनं शास्त्रज्ञ नवऱ्याला आगर सुचवलं. घरी जेली करताना ती ते वापरत असे. स्वयंपाकघरातली युक्ती प्रयोगशाळेत गेली, हे ऐकून मला बरं वाटलं.

"पण ओळखता कसं? सगळे ठिपके सारखेच."

"आपल्या चांदीसारखं, आज्जी. चमक बघून कोण भाव देतं? टंच काढावाच लागतो."

जिवाणूचा टंच त्याच्या जनुकात असतो. जनुक म्हणजे कृती लिहिलेला कागद आणि प्रथिन म्हणजे त्यावरून झालेला पदार्थ. प्रथिनं जिथं तयार होतात त्या रायबोसोमचा एक भाग '१६ एस' नावाच्या जनुकावरून बनतो. तो प्रत्येक जिवाणूत असतो आणि फार हळू बदलतो. म्हणून पेशी फोडून डीएनए काढतात, त्या एका जनुकाच्या असंख्य प्रती करतात आणि त्याची सुमारे दीड हजार अक्षरं यंत्रानं वाचून माहीत असलेल्या जिवाणूंशी ताडून बघतात. मी कॉमर्सची. म्हटलं, हे तर पासबुक आणि खातेवही जुळवणं झालं!

मग तिनं आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांची गोष्ट सांगितली. एप्रिल २००५ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली इस्रोच्या प्रयोगात हैदराबादहून मोठा फुगा सोडला. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या दोन संस्थांनी ती स्वतंत्रपणे तपासली, जणू दोन ऑडिटर. जिवाणूंच्या १२ वसाहती मिळाल्या. जनुकं जुळवल्यावर त्यातले ३ प्रकार अगदी नवे निघाले. एकाला इस्रोचं नाव दिलं, एकाला आर्यभटाचं, एकाला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांचं. अतिनील किरण ते आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा जास्त सोसतात. तरीही हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं सिद्ध झालेलं नाही, हे शास्त्रज्ञांनी स्पष्ट सांगितलं. माझ्या ओठावर आलं होतं की आपल्या शास्त्रात सगळीकडे सूक्ष्म जीव सांगितलेच आहेत. पण त्यांचा संयम बघून मी गप्प बसले. श्रद्धा वेगळी, पुरावा वेगळा.

जाताना ती हळूच म्हणाली, "आज्जी, खरं सांगू? त्या दिवशी बशांवर नावं लिहायची मी विसरले. सगळं वाया गेलं. परत सगळं वाढवावं लागलं."

तेव्हा मला उत्तर सापडलं. गृहस्थानं संकल्पी हिंसा टाळायची. चूल पेटवताना होते ती आरंभी आणि पोटापाण्याच्या कामात होते ती उद्योगी हिंसा पूर्ण टळत नाही. पण प्रमाद आपल्या हातात आहे. म्हटलं, "शिक गं. मात्र लागतील तेवढेच वाढव आणि नाव आधी लिही. विसरलीस तेवढ्याची क्षमा माग."

क्षमावाणीला तिचा मेसेज आला. घरातल्या सगळ्यांची क्षमा मागून शेवटी लिहिलं होतं, "आणि त्या बारा बशांतल्या जिवांचीही."

मीही हात जोडले. मिच्छामि दुक्कडम्.