बदलीच्या गावची शाळा

आण्णांची नोकरी कृषी विद्यापीठातली. राहुरी, धुळे, कोल्हापूर, परत राहुरी अशा त्यांच्या बदल्या आणि त्यांच्यामागे आमच्या शाळा. शाळा बदलली म्हणून आमचं काही अडलं असं आठवत नाही. धुळ्यात अर्धा राहिलेला धडा कोल्हापुरात पुढे सुरू व्हायचा, कारण बालभारतीचं पुस्तक तेच. नवऱ्याची बदली स्टुटगार्टहून सिंगापूरला झाली तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच आला, पुस्तक तेच राहील अशी शाळा तिथे आहे का?

होती. जर्मनीबाहेर १३०हून जास्त जर्मन शाळा आहेत. आपल्याकडे बदलीवाल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांची केंद्रीय विद्यालयं १९६३पासून जी सोय करतात, तीच या शाळा देशाबाहेर करतात. त्यांतले काही शिक्षक जर्मन सरकारने पाठवलेले असतात. मुंबईतही १९६१ साली अशी शाळा निघाली होती, डॉयचे शूले बॉम्बे. आज ती डीएसबी इंटरनॅशनल म्हणून ओळखली जाते. सिंगापूरची शाळा १९७१ची. तिथे दोन विभाग, एक जर्मन माध्यमाचा आणि दुसरा इंग्रजीतून, आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचा.

‘पुस्तक तेच’ हेही अगदी खरं नव्हे म्हणा. जर्मनीत सोळा राज्यं आणि प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा. आमचा थोरला चौथीपर्यंत बाडेन-व्युर्टेम्बेर्गचं शिकलेला, तर सिंगापूरच्या जर्मन विभागात थुरिंगिया राज्याचा अभ्यासक्रम. आण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे धुळ्याहून बेळगावला बदली झाल्यासारखंच की.” नाही, इतकंही नाही. भाषा आणि परीक्षेची पद्धत तीच राहते.

शाळेचा निर्णय झाला राहुरीतच. स्टुटगार्टची उन्हाळी सुटी जुलैच्या अखेरीस लागते आणि सप्टेंबरपर्यंत चालते. त्यामुळे आमची पोरं ऐन श्रावणात मोकळी, आणि दादाची पोरं सकाळीच दप्तर घेऊन बाहेर. मुळा धरण भरत आलेलं. घरात रोज आधी धरणात किती टीएमसी पाणी झालं याची चर्चा आणि मग आमच्या शाळेची. दादाचं मत ठाम होतं, “अगं, इंग्लिशलाच घाल. जगात कुठंही चालतं.” हेच वाक्य मला शाळांच्या माहितीपत्रकांतही भेटलं होतं आणि ते कधीच पटलं नाही. पोर ‘जगात कुठंही’ जात नाही. ते एका ठराविक गावी, ठराविक इयत्तेत जाऊन बसतं.

सिंगापूरच्या सरकारी शाळेचाही विचार झाला. परदेशी मुलांना त्यासाठी आधी प्रवेशपरीक्षा, आणि प्राथमिक सहावीच्या शेवटी तिथली ती मोठी परीक्षा, जिच्यावर पुढची शाळा ठरते. शिवाय मातृभाषा हा विषय. त्यात भारतीय भाषांपैकी तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू आहेत. मराठी नाही. मातृभाषा म्हणून हिंदी शिकायची ही कल्पना आईला इतकी विचित्र वाटली की तो पर्याय तिनेच बाद केला. नवऱ्याची आणि माझी कारणं वेगळी होती, पण आम्ही वाद घातला नाही.

खरा निकाल लावला वहिनीने. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ओसरीवर थोरल्याला बसवलं आणि म्हणाली, “चोवीस रुपये किलोने सतरा किलो कांदे. किती झाले?” त्याने वही ओढली. आकडे शाईच्या पेनाने काढले, कारण जर्मनीत प्राथमिक शाळेतच मुलांच्या हातात फाउंटन पेन देतात. एकाला वर लांब तिरकी रेघ, साताच्या पोटात आडवी रेघ आणि गुणाकाराच्या फुलीऐवजी मधोमध एक टिंब. ओठ हलत होते. चारशे आठ, असं उत्तर त्याने मराठीत दिलं. वहिनी मला म्हणाली, “पुटपुटला कशात?” जर्मनमध्ये. “मग आता पाचवीत त्याचं माध्यम कशाला मोडता?”

याच बैठकीत आण्णांनी त्याचं प्रगतिपुस्तक पाहिलं. गणितात १, जर्मनमध्ये २. त्यांचा चेहरा पडला. तिकडे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे नापास, हे समजावल्यावर चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचून काढलं.

थोरल्याच्या बाजूने आणखी एक हिशोब होता. जर्मन शाळेच्या शेवटी आबिटूर ही परीक्षा असते. ती भारतात बारावीच्या बरोबरीची धरतात. उलट, नुसती भारतातली बारावी घेऊन जर्मन विद्यापीठात सहसा थेट प्रवेश मिळत नाही. आधी इथे कॉलेजचं एक वर्ष किंवा तिकडे पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करावा लागतो. त्याला जर्मन येतंच, तर तो दरवाजा आपण का लावून घ्यायचा?

धाकटीचं गणित निराळं. ती पहिलीत जायची होती. सिंगापूरच्या शाळेतल्या बाईंनी तिला चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावली. सायकलवरून पडलेला मुलगा तिने जर्मनमध्ये नीट रंगवला, पण गुडघ्यापाशी अडकली आणि सरळ ‘खरचटलं’ म्हणाली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी अर्थ सांगितला. दोन्ही विभागांत चालेल, तुम्ही ठरवा, असं त्यांचं मत पडलं. कंपनी फी भरणार होती ती तीन वर्षं. त्यानंतर पुणे झालं तर तिथे जर्मन माध्यम मिळणार नाही. मर्सिडीझ-बेंझने १९९८ साली पुण्यात काढलेली, आता महिंद्र इंटरनॅशनल नावाने चालणारी शाळासुद्धा इंग्रजीच. जिचं जर्मन अजून बोलण्यापुरतंच आहे तिला त्यात लिहायला-वाचायला शिकवायचं आणि तीन वर्षांनी काढून घ्यायचं, हे मला मंजूर नव्हतं. ती इंग्रजी विभागात गेली.

“सख्ख्या भावंडांना दोन माध्यमं?” दादा म्हणाला. त्याचा स्वतःचा थोरला मराठीत आणि धाकटा सेमी-इंग्लिशला आहे, याची आठवण वहिनीनेच करून दिली.

दोघं एकाच बसने जातात. आपसात जर्मनमध्ये भांडतात, आमच्याशी मराठी बोलतात. थोरल्याचं मराठी वाचन मात्र पार मागे पडलंय. त्याला जोडाक्षरं अडतात, आणि त्यावर माझ्याकडे रविवारची अर्ध्या तासाची बळजबरी सोडून उपाय नाही. यंदा करार संपतोय. धाकटीची शाळा बदलली तरी चालेल, थोरल्यासाठी मात्र जिथे जर्मन शाळा आहे तीच बदली मान्य, असं नवऱ्याने कंपनीला लेखी कळवलंय. उत्तर यायचंय.