पहिली छत्री घेताना

विमानातून उडी मारणाऱ्या मुलीला नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "भीती वाटत नाही का गं?" आणि दुसरा, चहाचा कप खाली ठेवल्यावर, "हे सगळे केवढ्याला पडते?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी पुष्कळदा देऊन झाले आहे. दुसरा प्रश्न मला अधिक जाणता वाटतो, कारण या छंदात पैसे कोठे खर्च करायचे आणि कोठे नाही याचा निर्णय बऱ्याच वेळा जिवाशीच येऊन ठेपतो. माझे पहिले स्वतःचे सामान घेताना आमच्या घरात आठ महिने जी खल चालली, ती वाचकांना ओळखीची वाटेल अशी आशा आहे. खरेदी जगावेगळी असली तरी ती करणारी माणसे तुमच्याआमच्यासारखीच होती.

आमचे मूळ गाव इचलकरंजी. आजोबांचे तेथे यंत्रमाग होते. अण्णा मुंबईत आले आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन बॅगा शिवणाऱ्यांना लागणारा माल विकू लागले: नायलॉनचे कापड, पट्टे, बकले, चेन. मी तेथेच हिशेब पाहते. मरोळात विमानांचा आवाज दिवसरात्र कानांवर पडतो, म्हणून मला हे वेड लागले असे मामा म्हणतात. त्यात तथ्य नाही. मला वेड लागले ते पुण्याच्या शीतल महाजन यांच्याविषयी वाचून. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून उडी मारली, आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. २००६ मध्ये दक्षिण ध्रुव झाला, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी एव्हरेस्टसमोर साडेएकवीस हजार फुटांवरून उडी घेतली. आमच्या आजीचा विरोध मात्र या कशानेही मावळला नव्हता. तो मावळला फेब्रुवारी २०१८ मधल्या त्यांच्या थायलंडमधील उडीचे छायाचित्र वर्तमानपत्रात पाहून, कारण ती उडी त्यांनी नऊवारी साडी नेसून मारली होती. "नऊवारी सांभाळून येते म्हणजे बाई धोरणी आहे," एवढेच आजी म्हणाली.

आज ते छायाचित्र पाहते तेव्हा माझे लक्ष साडीपेक्षा साडीवर आवळलेल्या सामानाकडे जाते. छातीवर उजव्या हाताला एक मूठ असते. मुख्य छत्री बिघडली तर ती ओढून छत्री सोडून द्यायची. डाव्या हाताला दुसरी मूठ, राखीव छत्री उघडणारी. पाठीच्या तळाशी तिसरी, मुख्य छत्री उघडण्यासाठी. लुगड्याची एक सैल घडी या तिघींपैकी कोणाही एकीवर आली तरी घात होऊ शकतो. अंगावरचे कापड कसे असावे, हा या खेळात शोभेचा प्रश्न नव्हे.

परवान्यासाठी किमान २५ उड्या लागतात. त्या मी थायलंडमध्ये पट्टायाजवळ पूर्ण केल्या, आणि उड्यांची संख्या ४३ झाली तेव्हा अण्णांपुढे विषय काढला. त्यांनी आधी विचारले ते कोणीही व्यापारी विचारेल तेच: "भाड्याने मिळते ना? मग विकत कशाला?" भाड्याचा दर उडीमागे साधारण २,२०० रुपये पडत होता. वर्षाला ५० उड्या धरल्या तर एक लाख दहा हजार. चांगल्या अवस्थेतले वापरलेले सामान चार लाखांच्या आत बसते, आणि नीट ठेवले तर पुढे त्याला गिऱ्हाईकही मिळते. हिशेब अण्णांना पटला. पण मला त्याहून मोठे कारण वाटत होते ते वेगळे. भाड्याचे सामान दर वेळी निराळे असते. पट्टे कधी सैल बसतात, मूठ कधी दोन बोटे वर असते, कधी खाली. संकटात हात शोधत बसत नाही. सवयीने जेथे जायचा तेथे जातो. मूठ रोज त्याच जागी असावी, यासाठी सामान आपले हवे.

मग कापडाचा विषय निघाला, आणि तेथे आमचे घर रमले. आईची पहिली शंका होती, "रेशमी असते ना ते?" शंका निराधार नव्हती. पहिल्या महायुद्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत हवाई छत्र्या मुख्यतः रेशमाच्याच होत. छत्रीमुळे ज्या वैमानिकांचे प्राण वाचले त्यांची १९२२ मध्ये एक मंडळी स्थापन झाली, तिचे नावच 'कॅटरपिलर क्लब', म्हणजे सुरवंटांची मंडळी. सभासदाला सुरवंटाच्या आकाराची सोन्याची टाचणी मिळे. ज्या जिवाला उकळत्या पाण्यात टाकून धागा काढला, त्याचीच सोन्याची प्रतिमा कोटावर मिरवायची, हे आपल्या वाचकांना चमत्कारिक वाटल्यावाचून राहणार नाही. पुढे जपानशी युद्ध पेटले, तिकडून येणारे रेशीम बंद झाले आणि अमेरिकेने नायलॉनकडे मोहरा वळवला. जून १९४२ मध्ये ॲडलिन ग्रे नावाच्या तरुणीने कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे नायलॉनच्या छत्रीने उडी मारून ती भरवशाची असल्याचे दाखवून दिले. कारण युद्धाचे होते, करुणेचे नव्हते, पण किडे वाचले. आज छत्रीत रेशमाचा एक धागाही नसतो. हे ऐकल्यावर आई निश्चिंत झाली आणि अण्णा खूश झाले. ज्या मालावर त्यांचा प्रपंच चालतो त्याच जातीच्या मालावर लेक लोंबकळणार होती.

अर्थात जात एक असली तरी पोत एक नाही. छत्रीच्या कापडात ठरावीक अंतरावर जाड धागा घालून बारीक चौकटी विणतात, म्हणजे फाटले तरी फाट पुढे पळत नाही. मुख्य छत्रीच्या कापडावर बहुधा सिलिकॉनचा लेप असतो, त्यामुळे त्यातून हवा जवळजवळ झिरपत नाही. नवे असताना ते इतके निसरडे असते की घडी घालता घालता घाम फुटतो. नवशिक्याने थोडी वापरलेली छत्री घ्यावी, याचे हेही एक साधे कारण आहे. दोऱ्यांची गोष्ट अण्णांना फार आवडली. स्पेक्ट्रा नावाच्या धाग्याच्या दोऱ्या पोलादासारख्या मजबूत, पण उष्णतेने आटतात. छत्री उघडताना दोऱ्यांवरून एक चौकोनी कापड घासत खाली येते आणि त्या घर्षणाने बाजूच्या दोऱ्या काही शे उड्यांत मधल्यांपेक्षा आखूड होतात. तेव्हा दोर तुटका नाही ना, एवढे पाहून भागत नाही. मोजपट्टी लावून प्रत्येक दोरीची लांबी पडताळावी लागते.

खरी कसोटी लागली ती मापाच्या वेळी. छत्रीचे माप चौरस फुटांत सांगतात. उडी मारणाऱ्याचे सर्व सामानासह वजन पौंडांत घ्यायचे आणि त्याला त्या फुटांनी भागायचे. आकडा जेवढा मोठा, तेवढी छत्री वेगवान आणि वळायला चपळ. माझे वजन ५८ किलो, सामान व कपडे १२ किलो; एकूण ७० किलो, म्हणजे सुमारे १५४ पौंड. १७० फुटी छत्रीला हा भागाकार ०.९ येतो. परवाना नुकताच मिळालेल्यांनी १ च्या वर जाऊ नये, असा सर्वत्र दिला जाणारा सल्ला आहे.

नेमक्या त्याच आठवड्यात, माझ्याहून कितीतरी अनुभवी अशा एका मैत्रिणीने आपले संपूर्ण सामान विकायला काढले. छत्री १२० फुटी, जेमतेम दीडशे उड्या झालेली, पाठीवरची पिशवी माझ्याच बांध्याची, आणि सगळे मिळून दोन लाख दहा हजार. अण्णांनी चित्रफितीत शिवण पाहिली, कडा पाहिल्या आणि म्हणाले, "माल सोन्यासारखा आहे. असा भाव पुन्हा मिळायचा नाही." मी भागाकार दाखवला: १.२८. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "पण तू शिकत जाशीलच की. आपण मुलांना वाढत्या अंगाचा सदरा घेतो, तसे समज."

येथेच आपल्या घरांतली खरेदीची शहाणीव उलटी फिरते. वाढत्या अंगाचा सदरा मोठा असतो, आणि मूल त्यात थोडे विजोड दिसते एवढेच. येथे माणूस जसा तयार होतो तशी छत्री लहान होत जाते. 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून घ्यायचे, तर आजच्या हाताला न पेलणारे घ्यावे लागते. या खेळातले कितीतरी प्राणघातक अपघात व्यवस्थित उघडलेल्या, निर्दोष छत्रीखाली होतात. जमीन जवळ आलेली असते, समोर कुंपण किंवा दुसरा माणूस दिसतो, घाबरून एक दोर जोरात ओढला जातो, आणि लहान छत्री त्या वळणात इतक्या झपाट्याने खाली येते की सावरायला उंचीच उरत नाही. मोठी छत्री तेच वळण संथपणे घेते आणि विचार करायला दोन श्वास देते. तेवढ्या दोन श्वासांसाठी मी पन्नास फूट जास्तीचे कापड घेत होते.

"मग घेऊन ठेव," असे मैत्रीण म्हणाली, आणि तिचा हेतू चांगलाच होता. पण हा ठेवणीतला माल नव्हे. आत बसवलेल्या यंत्राची मुदत कपाटातही सरतच असते. शिवाय १२० ची पिशवी शिवलेलीच तेवढ्या छत्रीसाठी. तीत १७० ची कोंबता येत नाही. अण्णा गाळ्यातून घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "आपल्या मागाला न चालणारे सूत फुकट मिळाले तरी महागच. तुझ्या आजोबांनी असे दोन व्यवहार सोडलेले मी पाहिले आहेत." मैत्रिणीला मी नकार कळवला. तिने मनावर घेतले नाही.

शेवटी १७० फुटी सेबर २ घेतली, वापरलेली. आणि पिशवी अशी, जीत पुढे १५० चीही छत्री बसेल. राखीव छत्री मात्र लहान घेण्याकडे बहुतेकांचा कल असतो, कारण त्याने पाठीवरचे गाठोडे आटोपशीर दिसते. मला तो कल पटत नाही. जिच्याखाली आपण कदाचित बेशुद्धावस्थेत, कोणताही दोर न ओढता जमिनीवर येऊ, तीच छत्री लहान घ्यायची? माझी राखीव १६० ची आहे आणि गाठोडे थोडे ढब्बूच दिसते.

बेशुद्ध माणसाची छत्री उघडते कोण, हे आईने विचारले आणि त्यातून आमची सर्वांत महाग वस्तू ठरली. जर्मनीच्या एअरटेक कंपनीने १९९१ मध्ये सायप्रेस नावाचे एक यंत्र बाजारात आणले. हाताच्या पंजात मावेल एवढे ते यंत्र पिशवीत बसून हवेचा दाब मोजत राहते. साधारण ७५० फुटांवर आल्यावरही माणूस ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर वेगाने पडत असेल, तर ते राखीव छत्रीला बांधून ठेवणारा दोरा आतल्या आत कापून टाकते. यंत्राला ठरावीक वर्षांचे आयुष्य असते आणि त्यानंतर ते कितीही ठणठणीत दिसले तरी बाद. जुने, दोनतीन वर्षे उरलेले यंत्र पाव किमतीत मिळत होते. आई स्वयंपाकघरात मसाल्याच्या पुड्यावरची तारीखही वाचल्याशिवाय पुडा फोडत नाही. ती म्हणाली, "बाकी सगळे जुने घे. हे नवे घे, आणि मला त्याचे बिल दाखव." सव्वा लाखाचे ते बिल तिने आपल्या कपाटात ठेवले आहे.

एकूण खर्च तीन लाख पंचाण्णव हजार झाला. सगळे कोरे घेतले असते तर सात लाखांच्या पुढे गेला असता. सौद्याची एक अट आम्ही सोडली नाही: माल आधी मी जेथे उड्या मारते तेथील रिगरकडे, म्हणजे छत्र्या बांधणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडे जाईल, आणि त्याचा होकार आल्यावरच पैसे सुटतील. त्याने दोऱ्या मोजल्या, शिवणी पाहिल्या, कारखान्याने त्या मालाविषयी काही दुरुस्तीची सूचना काढली आहे का ते तपासले, राखीव छत्री उघडून पुन्हा बांधली. दोन दोऱ्या बदलायला सांगितल्या. तेवढी रक्कम विकणाऱ्याने किमतीतून वजा केली. जो विकणारा अशा तपासणीला कुरकुरतो त्याच्याकडून घेऊ नये, हे मरोळच्या गाळ्यातही खरे आहे.

सामान आता घरीच असते. गाळ्यात ठेवायची अण्णांची फार इच्छा होती, पण तेथे पश्चिमेचे ऊन थेट मांडणीवर येते आणि उन्हाने नायलॉन वरून न कळता आतून कमकुवत होते. शेजारी बॅटरीचे दुकान, आणि आम्लाचा नुसता शिंतोडाही या कापडाला खपत नाही. पावसाळ्यात मुंबईची दमट हवा धातूच्या कड्यांना गंज आणते, म्हणून कपाटात सिलिकाच्या पुड्या ठेवल्या आहेत. अमेरिकेत राखीव छत्री दर १८० दिवसांनी उघडून पुन्हा बांधावी लागते; मी तोच नियम पाळते आणि माझ्या वर्षाच्या दोन फेऱ्या त्याच हिशेबाने ठरवते. हातमोजे तेवढे घ्यायचे राहिले आहेत. दुकानांत दिसतात ते बहुतेक कातडी तळव्याचे. अण्णांनी आमच्याच एका गिऱ्हाइकाला, जो मोटारसायकलवाल्यांसाठी हातमोजे शिवतो, कापडी तळव्याचा नमुना करायला दिला आहे. पहिला नमुना फार जाड झाला, मूठ नीट पकडता येईना. दुसरा पुढच्या आठवड्यात येईल.