पिकल्या पानांचा देश

जपान म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे बुलेट ट्रेन, रोबो आणि साकुराची फुलं येतात. इथे संसार थाटून बसलेल्या आपल्यासारख्यांना मात्र रोज भेटतात ते आजी-आजोबा. शाळेजवळच्या चौकात झेंडा धरून मुलांना रस्ता ओलांडून देणारे आजोबा, स्टेशनबाहेरच्या वेड्यावाकड्या सायकली सरळ करणारे आजोबा, आणि बागेत सकाळी साडेसहाला रेडिओच्या तालावर हातपाय हलवणाऱ्या आज्या. रेडिओवरचा हा व्यायाम सुरू झाला १९२८ साली, म्हणजे तो करणाऱ्या बहुतेक आज्यांपेक्षाही तो वयाने मोठा!

आज या देशात दर शंभर माणसांमागे सुमारे २९ जण पासष्टीच्या पुढचे आहेत. १९७० साली ते फक्त ७ होते, १९९४ साली १४ झाले. ७ चे १४ व्हायला फ्रान्सला शंभराहून अधिक वर्षं लागली, जपानला लागली २४. कारणं दोनच. माणसं जास्त जगू लागली आणि मुलं कमी होऊ लागली. २०२४ साली जपानी आईबापांच्या पोटी जेमतेम ६ लाख ८६ हजार बाळं जन्मली. उलट १९६३ साली शंभरी गाठलेली माणसं देशभरात १५३ होती, ती २०२५ साली लाखाला टेकली. शंभरी गाठणाऱ्याला सरकार चांदीचा पेला देतं. पण शंभरीवाले इतके वाढले, की २०१६ पासून पेल्याला चांदीचा नुसता मुलामा असतो. आपल्याकडे असं झालं असतं तर केवढा गहजब झाला असता!

इथल्या म्हाताऱ्यांनाही मान-अपमान असतोच बरं का. १९९७ साली वयस्कर चालकांच्या गाडीवर लावायला केशरी-पिवळ्या पानाचं चिन्ह आलं. ‘आम्ही काय वाळलेली पानं आहोत?’ अशी कुरकूर झाली आणि २०११ मध्ये ते बदलून चार पानांचं रंगीत चिन्ह आणलं गेलं.

म्हातारपणाची तयारी हा देश कशी करतो, ते मला चाळिशी ओलांडल्यावर पगाराच्या पावतीने शिकवलं. त्या महिन्यापासून एक नवी कपात सुरू झाली, ‘काइगो होकेन’ म्हणजे शुश्रूषेचा विमा. एप्रिल २००० पासून तो चाळिशीपुढच्या प्रत्येकाला सक्तीचा आहे, आपल्यासारख्या परदेशी रहिवाशांनाही. त्यातून म्हाताऱ्या माणसाला घरी अंघोळ घालायला बाई येते, दिवसभराच्या केंद्रात न्यायला सकाळी छोटी गाडी दाराशी येते. बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्साच भरावा लागतो. हे सगळं पूर्वी कोण करत असे? इथेही सूनच करत असे. सुना नोकरीला लागल्या, मुलं शहरात गेली, तेव्हा सरकारला सुनेची जागा घ्यावी लागली.

या विम्याचे पैसे मी भरतो, पण माझ्या आईला त्याचा उपयोग नाही. ती सांगलीत एकटी असते. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आपल्यासारख्यांना बायको-मुलं आणता येतात, आईवडिलांना मात्र बहुतेकदा नव्वद दिवसांपुरतंच बोलावता येतं. माझी बायको नागपूरची, तीही एकुलती एक. आपल्या मंडळातली निम्मी घरं अशीच असतील.

एका कंपनीने इथे २००१ साली चहाच्या पाण्याची एक किटली काढली. आईने पाणी घेतलं की मुलाला निरोप जातो, आज चहा झाला, आई बरी आहे. मी कौतुकाने ही गोष्ट आईला सांगितली. ती म्हणाली, ‘अरे, मग फोन कोण करणार? किटलीच?’

आई मागच्या खेपेला आली तेव्हा शेजारच्या जपानी आजींशी तिची गट्टी जमली. भाषा एकीला दुसरीची येत नव्हती, पण बेसनाचे लाडू खाली गेले आणि पर्सिमॉनची फळं वर आली. आईला राहून राहून एकच प्रश्न पडे. ते सायकलवाले आजोबा या वयात काम का करतात? मुलं बघत नाहीत का? शेवटी एकदा तिने मला दुभाष्या करून त्यांनाच विचारलं. आजोबा हसले. ‘घरी बसलो की बायको ओरडते,’ म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, ‘सोमवारी आणि गुरुवारी इथे माझी वाट बघतात.’

ते ‘सिल्व्हर सेंटर’तर्फे येतात. साठीपुढच्यांना आठवड्यातले काही तास काम मिळवून देणारी ही संस्था. आज ती देशभर आहे, पण तिची सुरुवात १९७५ साली आपण राहतो त्याच एदोगावा भागात झाली. पैसे फार मिळत नाहीत. मिळतं ते वाट बघणारं कुणीतरी.

सगळंच गोड आहे असं मात्र समजू नका. एकट्याने जगून एकट्याने गेलेल्या माणसाचा पत्ता कित्येक दिवस न लागणं, याला इथे ‘कोदोकुशी’ असा शब्दच आहे. २०२३ च्या पाहणीत देशात ९० लाख घरं रिकामी निघाली. विमा आहे, पण शुश्रूषा करायला माणसं नाहीत, म्हणून ती इंडोनेशिया, फिलिपिन्स, व्हिएतनामहून येतात. पैसा, शिस्त आणि यंत्रं असूनही ही गत.

म्हणूनच मला महाराष्ट्राची काळजी वाटते. २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यात साठीपुढचे ९.९ टक्के होते, देशाच्या ८.६ टक्क्यांहून जास्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलं १.७ आढळली. म्हणजे आपणही त्याच वाटेवर आहोत. फरक इतकाच, की जपान आधी श्रीमंत झाला आणि मग म्हातारा. आपल्याकडे म्हातारपण आधी येईल असं दिसतं. शिवाय ज्या घरातून मुलगा-मुलगी परदेशी गेली, तिथे ते आजच येऊन बसलंय. आपण पाठवलेल्या पैशांतून बाई ठेवता येते, लिफ्टची इमारत घेता येते. वाट बघणारं माणूस विकत मिळत नाही.

सांगलीला परतल्यावर आठवड्याभराने आईने फोनवर विचारलं, ‘माझी कोण वाट बघतं रे?’ मी ‘आम्ही’ म्हणालो. ‘तुम्ही लांबून बघता,’ ती म्हणाली. त्यात राग नव्हता. पुढच्या महिन्यात तिने इमारतीच्या वॉचमनच्या दोन मुलींना गणित शिकवायला घेतलं. ती निवृत्त शिक्षिका आहे. दोनाच्या आता पाच मुली झाल्या. हल्ली ती मला बजावते, ‘संध्याकाळी पाच ते सहा फोन करू नकोस, पोरी असतात.’ डॉक्टरांच्या गोळ्या त्याच आहेत, गुडघाही तोच आहे, पण आवाज बदललाय.

आपल्यापैकी जे २००० च्या आसपास संगणकाच्या कामाला इथे आले, तेही आता पन्नाशीत आहेत. मुलं जपानीतून स्वप्नं पाहतात. आपण म्हातारे इथे होणार की तिथे, हा विषय जेवणानंतर निघतो आणि सुपारीबरोबर संपतो. तो संपवू नये असं मला वाटतं.

तोवर एक सुचवतो. गणपतीत कुणाचे आईवडील आले असतील तर त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची आणि शाल-श्रीफळ आपण देतोच. यंदा त्यांना कामही देऊ या. आजींनी मुलांना मोदकाच्या पाकळ्या वळायला शिकवावं, आजोबांनी आरत्या पाठ करून घ्याव्यात. नव्वद दिवसांतले चार रविवार तरी या परक्या देशात कुणीतरी त्यांची वाट बघत असेल.