मंडी मोहल्ल्यातली दहा फुटांची खोली

म्हैसूरला गेलात की राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन गार्डन तुम्ही बघणारच. पण एक सकाळ मोकळी असेल तर सय्याजी राव रोडने उत्तरेकडे चालत निघा. हा तोच रस्ता, जिथून दसऱ्याची मिरवणूक जाते. त्याचं नाव आहे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांवरून, म्हणजे आपल्या मालेगावजवळच्या कवळाण्यात जन्मलेल्या राजावरून. डाव्या हाताला देवराज मार्केटचा फुलांचा वास येईल. ते मागे टाकून थोडं पुढे गेलात आणि उजवीकडच्या गल्ल्यांत शिरलात की तुम्ही मंडी मोहल्ल्यात आलात.

इथे बघण्यासारखं असं तिकीट काढून काही नाही. अकबर रोडवर हनुमंतू हॉटेलचा मटण पुलाव आहे, सावडे रोडवर जुनं मिशन हॉस्पिटल आहे. शिसवी लाकडात वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाचे तुकडे बसवून चित्रं करणारे कारागीर या भागात पिढ्यान् पिढ्या काम करत आलेत. पूर्वी त्यात हस्तिदंतही असायचं, आता ते नाही. आणि एका गल्लीत माझ्या मावशीचं भाड्याचं घर आहे. होतं, म्हणायला हवं. जूनअखेर तिने ते सोडलं आणि ती मुलाकडे पुण्याला राहायला गेली.

तिथे चाळीसहून जास्त वर्षं काढली तिने. काकांकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, तुमच्याही घरात कुणाकडे तरी असेल. एका रोलमध्ये बाराच चौकोनी फोटो. मे महिन्यात मी त्यांचा अल्बम उघडला. बारसं, मुंज, नवी सायकल, पाहुणे सगळं आहे, पण सगळे जण दाराबाहेर, उन्हात, डोळे बारीक करून उभे. घराच्या आतला एकही फोटो नाही! त्या कॅमेऱ्याला भरपूर ऊन लागायचं. आतल्या अंधाऱ्या खोलीत फ्लॅशशिवाय तो काही कामाचा नव्हता, आणि फ्लॅश काकांनी कधी घेतलाच नाही.

मावशी म्हणाली, "अगं, स्वयंपाकघराचा एक तरी हवा होता गं."

खरं सांगायचं तर फोनने काम झालं असतं. मी फोनने काढलेही. पण मावशीला फोनमधले फोटो सापडत नाहीत आणि तिला ते हवे होते अल्बममध्ये, काकांच्या फोटोंच्या पुढच्या पानावर. म्हणून फिल्मच वापरायचं ठरवलं. आता कॅमेरा कुठला?

इथे जरा थांबा, कारण तुमच्या आजीचं घर, चाळीतली खोली किंवा गावाकडचं माजघर यांनाही हेच लागू आहे. छोट्या जागेत महागडा कॅमेरा नाही, लेन्सचा आकडा महत्त्वाचा. हिशोब सोपा आहे. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मची एक फ्रेम ३६ मिलिमीटर रुंद असते. त्यामुळे ३५ची लेन्स तुम्ही जितके मागे उभे आहात साधारण तितकीच रुंदी टिपते. मावशीची बाहेरची खोली दहा फुटांची. भिंतीला पाठ टेकवून उभी राहिले तर ५०च्या लेन्समध्ये समोरची जेमतेम सात फूट भिंत येते. म्हणजे झोपाळा आला तर देवघर गेलं. ३५मध्ये दहा फूट येते, २८मध्ये जवळजवळ तेरा. २४मध्ये पंधरा, पण तिच्यात कडेची माणसं ताणल्यासारखी दिसायला लागतात. मावशीला तसं काढलं असतं तर तिने मला जेवायला वाढलं नसतं.

बाबांचा जुना याशिका एमएफ-टू घरी पडून होता. लेन्स ३८ची, फोकस आधीच ठरलेला, अंधारात फ्लॅशवर भिस्त. तो बाद. मग ऑलिंपस एक्सएवर जीव जडला. १९७९ सालचा, झाकण सरकवलं की तयार, शर्टाच्या खिशात मावतो, ३५ची छान लेन्स. गल्लीत फिरायला यापेक्षा चांगला सोबती नाही, आणि तुम्ही प्रवासासाठी घेत असाल तर मी हाच सांगेन. ऑलिंपसचाच म्यू टू सुद्धा लहान आहे, पण दर वेळी उघडला की फ्लॅश आपोआप चालू होतो. मावशीच्या पितळी डब्यांवर तो पडला असता तर फोटोत नुसता पांढरा डाग.

शेवटी घेतला सेकंडहँड ऑलिंपस ओएम-वन. १९७२ साली आलेला हा कॅमेरा एक्सएप्रमाणेच योशिहिसा माइतानी यांनी घडवलेला, म्हणून एसएलआर असूनही हातात लहानसाच वाटतो. त्याला २८ची, एफ ३.५ची छोटी लेन्स लावली. ती फूटभरापर्यंत जवळचं टिपते. शटर बॅटरीशिवाय चालतं, फक्त प्रकाश मोजायला बॅटरी लागते. त्यातली जुनी पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, म्हणून प्रकाश मी फोनमधल्या अ‍ॅपने मोजला. बघा, फोन सुटला नाहीच.

जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च तिच्यातून आरपार मारून बघा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास लागते. मागचं दार उघडून कडेचा काळा फोम दाबून पाहा. तो चिकट झाला असेल तर प्रकाश आत शिरतो. आणि रोल भरल्यावर पुढे सरकवताना डावीकडची गुंडाळण्याची कळ फिरतेय ना, ते बघाच. गेल्या वर्षी मी उधारीच्या कॅमेऱ्यात एक अख्खा रोल असाच "काढला". फिल्म अडकलीच नव्हती. छत्तीस फोटो, सगळे कोरे. रोल आणि धुलाई मिळून हजाराच्या पुढे जातं हल्ली, तेव्हा कळ फिरू द्या.

"रंगीतच काढ, भिंतीचा हिरवा यायला पाहिजे," मावशीने बजावलं. म्हणून ४०० आयएसओचा कलर रोल घेतला.

बाहेर सगळं सोपं होतं. एफ आठ ठेवायचं, फोकस साडेतीन मीटरवर, की पावणेदोन मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट. डोळ्याला लावायचा आणि दाबायचा. लाकडात नक्षी बसवणाऱ्या एका कारागिराच्या दारात मात्र थांबले. २८ची लेन्स असली की माणसाच्या जवळ जावं लागतं, लांबून गुपचूप काही जमत नाही. विचारलं. मला कन्नड तुटकं, त्यांचं हिंदी छान. "हात का निकालो, चेहरा नहीं," ते म्हणाले. हाताचे तीन काढले. पुढे अशोका रोडकडे सेंट फिलोमिना चर्चचे १७५ फुटी मनोरे आहेत. तिथे कॅमेरा वर केला की ते मागे झुकल्यासारखे दिसतात. दोन फ्रेम वाया घालवल्या आणि परत फिरले.

घरात कॅमेरा छातीच्या उंचीवर सरळ धरला, म्हणजे दारांच्या चौकटी उभ्या राहतात. खिडकी उघडी, लेन्स पूर्ण उघडी, शटर एक तीसांश, श्वास रोखून. झोपाळा आणि देवघर एकाच फोटोत आले. काकांची खुर्ची आली. स्वयंपाकघरात मी ओट्याच्या कोपऱ्यात, अक्षरशः पाणी तापवायच्या बंबाला चिकटून उभी होते. मावशी कॉफी गाळत होती. तिला मध्यभागी ठेवलं, कडेला नाही.

प्रिंट पुण्याला पाठवले तेव्हा तिने फोन केला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फडताळाचं दार उघडंच राहिलंय की गं."