चतुःसीमा

तो दस्त मी पहिल्यांदा उभ्याउभ्याच वाचला. दुसऱ्यांदा खाली बसून वाचला. तिसऱ्यांदा वाचताना मनात जे आलं, त्याची लाज अजून गेलेली नाही. माझ्या आत्याची दीड एकर भातजमीन कुणीतरी तिच्या परस्पर विकून टाकली होती, आणि त्या खोट्या खरेदीखताचा मजकूर वाचताना मी मनातल्या मनात म्हणत होतो, काय लिहिलंय या माणसाने!

मी दस्तलेखक आहे. शहापूरला टेबल टाकून बसतो. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, साठेखत, लागेल ते लिहून देतो. २०१८ साली हे घडलं तेव्हा या कामाला २६ वर्षं झाली होती. आमच्या लिखाणात चतुःसीमा नावाचा एक भाग असतो. जमिनीच्या चारही बाजूंना काय आहे ते त्यात सांगायचं. जमिनीची खरी ओळख तीच. पण आम्ही ती जुन्या दस्तावरून उतरवून घेतो : पूर्वेस गट नंबर अमुक, पश्चिमेस गट नंबर तमुक. जागेवर जाऊन कोण बघतो? या दस्तात मात्र पूर्वेला ओढा होता, ओढ्याकाठचा बांध निम्मा सामाईक होता. पश्चिमेला गाडीवाट होती आणि तिच्यावरची वहिवाट कोणाकोणाची, तेही होतं. एक रायवळ आंबा आणि दोन मोहाची झाडं मोजलेली होती. चारही खाचरांची नावं होती. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. कित्येक उताऱ्यांवर तो कोरा असतो, आत्याच्या उताऱ्यावरही कोराच होता. त्या माणसाने ती उणीव दस्तात भरून काढली होती.

माझं मूळ गाव मुरबाड तालुक्यातलं, म्हशापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, बैलांचा मोठा बाजार लागतो. मी नऊ-दहा वर्षांचा असताना वडिलांनी तिथून एक बैल घेतला. उपरण्याखाली बोटं धरून सौदा झाला. त्याआधी व्यापारी आपणहून म्हणाला होता, “भाऊ, खोटं बोलणार नाही. याला डावीकडेच जुंपा, उजवीकडे हा ओढत नाही.” वडील त्या एका वाक्यावर विरघळले. घरी आणल्यावर आठवड्याभरात कळलं की शिंगांवरची वलयं काचेने खरवडून वर तेल चोळलंय, दात कानशीने घासलेत. बैल म्हातारा होता. त्या वर्षी आमची शेतं दुसऱ्याच्या औतावर नांगरली गेली आणि त्यासाठी आईच्या बांगड्या गहाण पडल्या. तरी पुढे कित्येक वर्षं वडील ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, “पण कसब होतं बरं त्याच्या हातात.” ते वाक्य आलं की आई उठून आत जायची.

बैल खरंच उजवीकडे ओढत नव्हता. तेवढं एक त्या व्यापाऱ्याने खरं सांगितलं होतं.

वडिलांची ती सवय माझ्यातही उतरली. मार्च १९८७ मध्ये मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर खोटी धाड पडली, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. मुरबाडच्या एसटी स्टँडवरच्या हॉटेलात कल्याणहून आलेला पेपर आम्ही हातातून हातात फिरवून वाचला. मोनसिंग असं नाव सांगणाऱ्या एका माणसाने गुप्तचर अधिकारी हवेत म्हणून पेपरात जाहिरात दिली, ताज हॉटेलात मुलाखती घेतल्या, २६ जण निवडले, त्यांना ओळखपत्रं दिली आणि १९ मार्चला त्यांना घेऊन सीबीआयची म्हणून धाड टाकली. तीस लाखांहून जास्त किमतीचे दागिने पेटीत भरून तो निघून गेला तो गेलाच, आजवर सापडलेला नाही. दुकानात मागे राहिलेली ती पोरं आपण खरोखरचे अधिकारी आहोत असंच समजत होती. आम्ही टेबलावर हात आपटून दाद दिली. त्या पोरांमध्ये आमच्यासारखंच कुणी, नोकरी लागली म्हणून घरी पेढे वाटून आलेलं असेल, हे त्या दिवशी आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढे धंद्यात पडलो आणि खोट्या स्टँपपेपरचं तेलगी प्रकरण उघडकीला आलं. अब्दुल करीम तेलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा, लहानपणी रेल्वेत फळं विकलेला. त्याच्याकडे मुद्रांक विक्रीचा खराखुरा परवाना होता, छपाईची यंत्रं नाशिकच्या सरकारी छापखान्यातून मोडीत निघालेली होती. २००१ साली तो अजमेरला पकडला गेला. नंतर तपास पसरत गेला तसे आम्ही दस्तलेखक रात्री दिव्याखाली जुने स्टँपपेपर धरून बघत बसायचो. काही कळायचं नाही. किती खरे व्यवहार त्याच्या खोट्या कागदावर आम्ही आमच्या हाताने लिहिले असतील, या विचाराने पोटात गोळा यायचा, आणि त्याच वेळी कुणीतरी हळूच म्हणायचं, “मानलं पाहिजे.” २०१७ मध्ये तो कैदेत असतानाच बेंगळुरूच्या रुग्णालयात वारला, तेव्हाही आमच्या टेबलांवर दिवसभर तोच विषय होता.

पुढच्याच वर्षी तसाच एक माणूस माझ्या घरात शिरला.

आत्याचं सासर किन्हवलीच्या पुढे, आत एका पाड्याला लागून. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. जमीन ती अर्धलीने लावायची. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जायचा ठरला आणि २०१७ पासून थेट खरेदीने जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, तसे रस्त्यात न जाणाऱ्या जमिनींचेही भाव चढले. गावोगाव पांढऱ्या गाड्या फिरायला लागल्या. अशातच आत्याच्या ओट्यावर एक माणूस येऊन बसला. मोजणीचं काम करतो म्हणाला. आत्या त्याला मोजणीवालाच म्हणायची, नाव तिने कधी विचारलंच नाही. तो पाच-सहा वेळा आला. कोरा चहा प्यायचा, शेतावर तिच्यासोबत फिरायचा आणि विचारायचा : हा बांध कोणी घातला, या खाचराला काय म्हणता, इथे राब कुठे भाजता, आंबा कोणी लावला. विचारायचा आणि वहीत लिहून घ्यायचा.

त्याने तिच्याकडे एक पैसा मागितला नाही, सही नाही की अंगठा नाही. उलट तिचं वय विचारलं आणि म्हणाला, आजी, तुम्हाला श्रावणबाळची पेन्शन कशी नाही? आधारची झेरॉक्स, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं, सगळी धावपळ त्यानेच केली. आणि पेन्शन सुरू झाली. खरोखर सुरू झाली. महिना ६०० रुपये.

मी शहापूरला राहतो. तहसील कचेरी माझ्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर. लोकांचे असे अर्ज मी रोज भरून देतो. आत्या सत्तरीला आली होती, आणि तिचा अर्ज भरायचं मला सुचलं नव्हतं. मी वर्षातून दोनदा जायचो, गणपतीत आणि भात झोडून झाल्यावर. तांदळाचं पोतं घेऊन यायचो.

फेरफाराची नोटीस आली ती तिने पेन्शनचा कागद समजून जपून ठेवली आणि चौथ्या दिवशी किन्हवलीच्या एसटीने माझ्याकडे घेऊन आली. “बघ रं, वाढवली काय?” मी वाचलं. तिच्या नावाने कुणी बाई दुय्यम निबंधकापुढे उभी राहिली होती, दोघा साक्षीदारांनी तिला ओळखत असल्याचं लिहून दिलं होतं, आणि जमीन डोंबिवलीच्या एका निवृत्त नोकरदाराला विकली गेली होती. हरकतीला अकरा दिवस उरले होते. ती वेळेत घेतली, म्हणून सातबारा वाचला. फसवणूक, तोतयेगिरी, बनावट दस्तऐवज अशी कलमं लागून गुन्हाही नोंदला गेला. पण एकदा नोंदलेलं खरेदीखत रद्द करायला दिवाणी दावाच लावावा लागतो, आणि दावा आजही चालू आहे. घेणाऱ्याने त्यात निवृत्तीचे पैसे घातले होते. पहिल्या तारखेला तो आमच्याकडे चोरासारखं बघत होता आणि आम्ही त्याच्याकडे.

त्या दिवसांत कुणीही भेटलं की विचारायचं, आणि दस्त वाचून तेच म्हणायचं : डोकं आहे हां. आमच्यातला एक वयस्क दस्तलेखक तर ती चतुःसीमा दोनदा वाचून म्हणाला, “असं आपल्याला लिहिता आलं पाहिजे.” मी त्याच्यावर चिडलो नाही. मलाही तेच वाटलं होतं.

मग ती बाई सापडली. दस्ताच्या शेवटच्या पानावर आत्याच्या नावाखाली जिचा फोटो आणि अंगठा होता ती. भिवंडीच्या बाजूला एका वीटभट्टीवर काम करणारी कातकरी बाई. दिवाळीनंतर मालकाकडून उचल घेऊन ही कुटुंबं भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. घरकुल मंजूर करायचं आहे, फोटो आणि अंगठा द्यायचा आहे, असं सांगून त्याने तिला गाडीत घालून नेलं होतं. एक लुगडं आणि ५०० रुपये दिले होते. साहेबाने नाव विचारलं की अमुक नाव सांगायचं, हेही तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. ते का, असं तिने विचारलं नाही. घरकुलाच्या यादीत ज्या नावाने घर आलंय तेच सांगायचं असतं, असं तिला वाटलं. तिला अटक झाली. दोघा साक्षीदारांपैकी एक जण जामिनावर सुटला, दुसरा आणि तो मोजणीवाला मिळालेच नाहीत. मोबाईलचं कार्ड तिसऱ्याच कुणाच्या नावावर निघालं.

कोर्टाच्या व्हरांड्यात दोघी म्हाताऱ्या समोरासमोर आल्या. मला वाटलं आत्या शिव्या घालील. तिने त्या बाईकडे नीट पाहून घेतलं. मग विचारलं, “जेवलीस काय गं?” पोलीस बाईने हरकत घेतली नाही. आत्याने पिशवीतली भाकरी अर्धी मोडून तिला दिली.

त्या भाकरीपाशी माझ्यातली दाद थांबली. इतकी वर्षं मी ‘भामटा’ हा शब्द किती सहज वापरत होतो. भामटा हे एका जमातीचं नाव आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने माणसांच्या अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, शब्द मात्र आमच्या तोंडात राहिला. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ मी वाचलं होतं, त्याला साहित्य अकादमी मिळाल्याचं माहीत होतं, तरी राहिला. आमच्या बाजारात कातकऱ्याच्या पोराने दोन कैऱ्या उचलल्या तर त्याला झाडाला बांधतात. तेलगीला, मोनसिंगला आम्ही डोकेबाज म्हणतो. आम्ही कसबाला दाद देतो असं म्हणतो, पण कसब तर त्या बाईच्या हातातही आहे. दिवसाला हजारभर विटा पाडणारे हात आहेत ते. त्यावर मान डोलावलेली मी तरी कुणाची पाहिली नाही.

तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही, आणि ती नाकारायची मला इच्छाही नाही. त्या माणसाने आत्याचं ऐकून घेतलं होतं. लुटण्यासाठी का होईना, तिच्या बांधाबांधावरून तो फिरला. ती जे सांगेल ते महत्त्वाचं आहे असं समजून त्याने लिहून घेतलं. म्हशाच्या व्यापाऱ्याने एक खरं वाक्य दिलं होतं, याने खरी पेन्शन दिली, खरे कान दिले. हे सगळं माझ्याजवळ होतं, फुकट होतं, आणि मी ते दिलं नव्हतं. आत्याला मी एकदा रागाने विचारलं, “इतकं सगळं त्याला कशाला सांगत बसलीस?” ती म्हणाली, “त्यानं इचारलं. तू कवा इचारलंस?”

तेव्हापासून चतुःसीमा लिहायच्या आधी मी देणाऱ्याला समोर बसवतो आणि शेताचं नाव विचारतो. शक्य असेल तर जागेवर जाऊन येतो. घाईत असलेली गिऱ्हाईकं दुसऱ्या टेबलावर जातात, जाऊ देत. आत्याची पेन्शन वाढत आता १५०० झाली आहे. हयातीच्या दाखल्यासाठी दरवर्षी मी तिला घेऊन येतो, आणि त्या निमित्ताने ती चार दिवस आमच्याकडे राहते.

गेल्या खेपेला मी वही घेऊन तिच्याजवळ बसलो. म्हटलं, खाचरांची नावं सांग. उंबराचं, वळणाचं, न्हाणीचं, एवढी तिने सांगितली. ओढ्याकाठच्या चौथ्याचं नाव काही केल्या तिला आठवेना. हल्ली तिचं बरंच काही निसटतं. मी कपाटातून त्या दस्ताची नक्कल काढली. चौथ्या पानावर लिहिलं होतं, ‘रुखमीचे खाचर’. मी ते मोठ्याने वाचलं तशी ती हसली, “हां, तेच.” रुखमी कोण, असं विचारलं तर बराच वेळ बांधाकडे बघावं तशी भिंतीकडे बघत राहिली. तिला आठवलं नाही. त्याला मात्र तिने सांगितलं असणार.