डॉक्टरीणबाईंनाच चक्कर येते तेव्हा

"डॉक्टर, गाडीत बाथरूमची सोय नव्हती, म्हणून दिवसभर पाणीच प्यायले नाही." प्रवासाहून परतलेल्या माझ्या पेशंट, विशेषतः बायका, हे वाक्य हमखास ऐकवतात. मीही हमखास रागावते. आज मात्र तुम्हाला माझीच गोष्ट सांगायची आहे.

कॅरिबियन समुद्रातल्या सहलीत आमचं जहाज एका सकाळी कोस्टा रिकाच्या लिमोन बंदराला लागलं. १५०२ मध्ये कोलंबस त्याच्या चौथ्या सफरीत याच किनाऱ्यावर आला होता. आमच्याकडे एकच दिवस होता. साडेचारपर्यंत जहाजावर परतायचं होतं. जहाजवाल्यांची सहल न घेता आम्ही स्वतंत्र गाडी आणि गाइड ठरवला होता, त्यामुळे उशीर झाला तर जहाज आमच्यासाठी थांबणार नव्हतं.

सकाळी होडीतून कालव्यातली सफर झाली. दोन्ही काठांवर हिरवीगार भिंत. गाइडने उंच फांदीवरचा एक स्लॉथ दाखवला. त्याच्या केसांत शेवाळ वाढतं, म्हणून तो हिरवट दिसतो. शौचासाठी तो साधारण आठवड्यातून एकदाच झाडावरून उतरतो! आणखी एक गंमत म्हणजे, हवेप्रमाणे तो आपल्या शरीराचं तापमान बरंच खाली-वर होऊ देतो. माणसाला ही चैन परवडत नाही. आपलं शरीर ३७ अंशांच्या आसपासच राहावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

त्यानंतर झिपलाइन. अठ्ठावन्नाव्या वर्षी कमरेला पट्टे बांधून, तारेला लटकून झाडांच्या शेंड्यांवरून सुटताना मी अक्षरशः किंचाळले. मग जंगलातली पायवाट. पानावर जेमतेम दोन सेंटिमीटरचा लालभडक बेडूक, पाय निळे. गाइड म्हणाला, "हात लावू नका, विषारी आहे." मी फोटो काढत राहिले. सकाळच्या चहानंतर पोटात फक्त दोन घोट पाणी गेलं होतं. कारण? तेच, बाथरूम!

दीडच्या सुमाराला परतीच्या वाटेवर पायऱ्या चढताना डोकं ठणकू लागलं. मळमळलं, पोटरीत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मटकन खाली बसले. नाडी धडधडत होती. हार्ट अटॅक तर नाही ना, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला. माझे यजमान पांढरेफटक पडले. गाइडने मात्र शांतपणे मला सावलीत आडवं केलं, पायाखाली बॅग ठेवली, ओला रुमाल मानेवर टाकला आणि एका मोठ्या पानाने वारा घालू लागला. ओआरएसची पाकिटं होती, पण जहाजावरच्या सुटकेसमध्ये! त्याने कुठून तरी शहाळं आणलं, सोबत खारी बिस्किटं दिली. अर्ध्या-पाऊण तासाने मी उठून बसले. बंदरावर पोहोचलो तेव्हा साडेचाराला वीस मिनिटं बाकी होती.

असं का झालं? तापमान तर तीस-एकतीसच असेल. आपल्याकडे विदर्भात ते बेचाळीसच्या पुढे जातं. पण विदर्भात कूलर छान गारवा देतो आणि मुंबईत त्याचा काही उपयोग होत नाही, हा अनुभव तुम्हाला असेलच. कारण एकच, हवेतलं बाष्प. घाम नुसता येऊन शरीर थंड होत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. वर्षावनात हवा आधीच बाष्पाने भरलेली. घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणजे पाणी आणि मीठ गेलं, पण उष्णता तशीच राहिली. त्यात माझ्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे. थोडक्यात, नळ चालू आणि टाकी रिकामी.

याला उष्णतेमुळे येणारा थकवा म्हणतात. तो वेळीच ओळखला तर सावली, विश्रांती आणि पाणी यांनी उतरतो. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपू लागली किंवा ताप ४० अंशांच्या वर गेला, तर तो उष्माघात. अशा वेळी अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. छातीत दुखत असेल तर उन्हाला दोष देत बसू नका, तेव्हाही थेट हॉस्पिटलच.

कोकण असो, केरळ असो की कोस्टा रिका, दमट जागी फिरायला जाताना एवढं करा:

- तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी पीत राहा.
- ओआरएसचं पाकीट खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, सपाट भरलेला. शहाळं चांगलं, पण त्यात सोडियम कमी असतं, म्हणून सोबत काहीतरी खारट खा.
- बीपी, मधुमेह, हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी, मीठ आणि गोळ्यांचं प्रमाण निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. गोळी मनाने बंद करू नका.
- लघवी गडद पिवळी झाली की समजा, टाकी रिकामी होत आली.

जाता जाता सांगते. झिपलाइनच्या ऑफिसमागे स्वच्छ बाथरूम होतं. निघताना गाइडनेच दाखवलं. मी दिवसभरात कुणाला विचारलंच नव्हतं.

तुम्ही विचारा. लाजू नका.